फ्रान्समध्ये संख्याशास्त्रात मास्टर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. स्टॅट्स करणारी मुलं-मुली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे आईवडील, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची ही उत्तरं. फीचे आणि व्हिसाचे आकडे दरवर्षी थोडेफार सरकतात, म्हणून अर्ज करण्याआधी अधिकृत संकेतस्थळावरचा त्या वर्षीचा आकडा पाहावाच लागतो.

सगळे अमेरिकेला नाहीतर इंग्लंडला जातात. संख्याशास्त्रासाठी फ्रान्स कशाला?

गणित आवडत असेल तर. एवढंच खरं कारण आहे, बाकीची त्याच्या मागून येतात. संभाव्यताशास्त्राचा मोठा भाग याच देशात घडला: लाप्लास, प्वासाँ, बोरेल, पॉल लेव्ही ही नावं तुम्ही सूत्रांच्या डोक्यावर वाचलेली आहेत. एमिल बोरेल यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये पॅरिसला संख्याशास्त्राची स्वतंत्र संस्था निघाली. ती ‘इझ्यूप’ या नावाने आजही सॉर्बोन विद्यापीठात चालू आहे. १९६०च्या दशकात रेन शहरात जाँ-पॉल बेन्झेक्री यांनी तक्त्यांमधल्या आकड्यांकडे भूमितीच्या नजरेने पाहण्याची पद्धत उभी केली. करस्पॉन्डन्स अ‍ॅनालिसिस म्हणून आपण शिकतो ती हीच.

दुसरं कारण पैशाचं. सरकारी विद्यापीठाची वर्षाची फी अमेरिकेतल्या एका सेमिस्टरच्या फीपुढेही किरकोळ वाटते.

पण ‘डेटा सायन्स करून लवकर नोकरी’ एवढंच डोक्यात असेल, सिद्धता पाहिली की झोप येत असेल आणि नवी भाषा शिकायची तयारी नसेल, तर फ्रान्स तुमच्यासाठी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

‘ग्रांद एकोल’ म्हणजे नेमकं काय? विद्यापीठ वेगळं का?

फ्रान्समध्ये उच्च शिक्षणाच्या दोन समांतर व्यवस्था आहेत. विद्यापीठात पदवी घेऊन पुढे मास्टर करता येतं. ग्रांद एकोल ही निवडक प्रवेशाची शाळा. तिथली फ्रेंच मुलं बारावीनंतर दोन वर्षं ‘प्रेपा’ नावाच्या तयारीवर्गात घासून, स्पर्धा परीक्षा देऊन येतात आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम करतात. आपल्याकडची जेईई आणि कोटा डोळ्यांपुढे आणा, फक्त बहुपर्यायी प्रश्नांऐवजी पानंच्या पानं सिद्धता आणि फळ्यासमोर तोंडी परीक्षा.

परदेशी विद्यार्थ्याने ती स्पर्धा परीक्षा द्यायची सक्ती नसते. पदवीच्या गुणांवर, शिफारसपत्रांवर आणि मुलाखतीवर प्रवेश देणारा मार्ग बहुतेक शाळांत आहे. शिवाय या शाळा विद्यापीठांबरोबर मिळून एक-दोन वर्षांचे मास्टर चालवतात, आणि आपल्या विद्यार्थ्यांना खरं तर तेच सोयीचे पडतात.

कोणत्या संस्था पाहाव्यात?

पहिलं नाव एन्साए पॅरिस. तिचं मूळ १९४२ चं. इन्से, म्हणजे फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, १९४६ मध्ये स्थापन झाली आणि ही शाळा तिच्याच कुटुंबात वाढली. २०१७ पासून ती पॅरिसच्या दक्षिणेला, साक्लेच्या पठारावर, पालेझो गावात आहे आणि आता इन्स्तित्यू पॉलितेक्निक द पारी या समूहाचा भाग आहे. अर्थशास्त्र, वित्त आणि संख्याशास्त्र एकत्र शिकायचं तर हिच्या तोडीचं ठिकाण फ्रान्समध्ये मिळणं कठीण. ‘क्रेस्ट’ ही संशोधनशाळाही तिथेच.

तिची धाकटी बहीण एन्साई. ती रेनजवळ ब्रूझला आहे. पॅरिसचा झगमगाट नाही, पण घरभाडं जवळजवळ निम्मं आणि वर्ग लहान. नमुना सर्वेक्षणं, जैवसंख्याशास्त्र किंवा अधिकृत आकडेवारीत रस असेल तर मी एन्साईला वर ठेवेन. या दोन्ही शाळांत काही फ्रेंच मुलं पगार घेत शिकताना दिसतील. ते इन्सेचे भावी सरकारी अधिकारी. ती वाट परदेशी विद्यार्थ्यांना खुली नाही, तेव्हा त्यावर आशा ठेवू नका.

विद्यापीठांत पॅरिस-साक्लेचा ऑर्से इथला संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा एम-२ (मास्टरचं दुसरं वर्ष; पहिलं ते एम-१) फार भारी समजला जातो. एकोल नॉर्माल पॅरिस-साक्लेचा ‘एमव्हीए’ हा मशीन लर्निंगकडे झुकलेला एम-२. त्याची ख्याती युरोपभर आहे आणि प्रवेशाची चुरसही तशीच. सॉर्बोनचा झ्युसिय आवारातला संख्याशास्त्राचा मास्टर समतोल आहे. अर्थमितीकडे ओढा असेल तर तुलूझ स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स पाहा. जाँ तिरोल यांना २०१४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच संस्थेत असताना. ग्रनोबलला उपयोजित गणिताचा इंग्रजी माध्यमातला मास्टर आहे.

विमागणित (अ‍ॅक्चुरिअल सायन्स) करायचं असेल तर इझ्यूप, ल्योंची इस्फा आणि एन्साए ही नावं लक्षात ठेवा.

माझी बी.एस्सी. तीन वर्षांची आहे. एम-१ मिळेल की एम-२?

तीन वर्षांची पदवी म्हणजे युरोपच्या हिशेबात १८० क्रेडिट, त्यामुळे एम-१. एम.एस्सी. झालेल्यांनी थेट एम-२ ला अर्ज करावा. नव्या धोरणातल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीबाबत प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. अभ्यासक्रमाचा तपशील जोडून दोन्हीकडे अर्ज करणं शहाणपणाचं.

एक सल्ला, जो ऐकायला कुणालाच आवडत नाही. एम.एस्सी. असूनही पाया कच्चा वाटत असेल तर एम-१ पासून सुरू करा. ‘एक वर्ष वाया’ हा आपला राष्ट्रीय धसका आहे. पण एम-२ चे वर्ग सप्टेंबर ते मार्च, म्हणजे जेमतेम सहा महिने चालतात, आणि नंतर लगेच इंटर्नशिप. त्या सहा महिन्यांत पाया भरून काढायला कुणी थांबत नाही.

गणित नेमकं किती लागतं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

आपल्या विद्यापीठांत वितरणांमागून वितरणं, चाचण्यांमागून चाचण्या, प्रयोगरचना, नमुनाशास्त्र, गुणवत्ता नियंत्रण असा क्रम असतो. हे कमी दर्जाचं अजिबात नाही. नमुनाशास्त्रात तर आपली परंपरा जगात मानाची आहे. भारतीय सांख्यिकी संस्था उभारणारे महालनोबिस तर आहेतच, पण सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचं काम कृषी सर्वेक्षणांत सगळीकडे पोचलं. एन्साईत सर्वेक्षणांचा तास सुरू झाला की भारतीय विद्यार्थी पहिल्या दिवसापासून ताठ बसतो.

अडतं ते दुसरीकडे. फ्रेंच अभ्यासक्रम मेझर थिअरी (लांबी, संभाव्यता अशा मापांचं काटेकोर गणित) गृहीत धरतो. म्हणजे ‘यादृच्छिक चल म्हणजे मोजता येण्याजोगं फलन’ हे वाक्य त्यांच्या दृष्टीने प्रस्तावनेतलं असतं. कंडिशनल एक्स्पेक्टेशनची व्याख्या भागाकाराने होत नाही, प्रक्षेपणाने होते. अभिसरणाचे चार प्रकार, कोणत्यातून कोणता निघतो आणि कोणता निघत नाही याची प्रतिउदाहरणं, डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स, राडों-निकोदिम हे सगळं हाताशी हवं. त्यावर मग मॅक्झिमम लाइकलिहूड अंदाजकाचं असिम्प्टोटिक वर्तन, एक्स्पोनेन्शियल कुटुंबं, नॉन-पॅरामेट्रिक अंदाज, मिनिमॅक्स दर, कॉन्सन्ट्रेशन असमानता असे मजले चढतात. परीक्षेत ‘पुढील विदावर (डेटावर) टी-चाचणी लावा’ असा प्रश्न शोधूनही सापडणार नाही. चार तासांत एकच लांबलचक प्रश्न असतो, वीस उपप्रश्नांचा, आणि विसाव्यापर्यंत पोचलात तर तुम्ही एखाद्या शोधनिबंधातलं प्रमेय सिद्ध केलेलं असतं.

तयारी काय करायची? निघण्याआधीच्या वर्षात रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पुन्हा पक्कं करा, आणि मेझर थिअरीचं एखादं पुस्तक पेन हातात घेऊन, सगळी उदाहरणं सोडवत संपवा. पायथनचे चार ऑनलाइन कोर्स केल्याने यातलं काहीच भरून निघत नाही. प्रमाणपत्रांची माळ पाहून तिथले प्राध्यापक भारावतही नाहीत. त्यांची नजर गुणपत्रिकेत गणिताच्या पेपरांवर जाते.

जाता जाता एक गोष्ट. तिथे ‘कारहुनेन-लोएव विस्तार’ (यादृच्छिक प्रक्रिया सोप्या तुकड्यांच्या बेरजेत मांडणारं सूत्र) शिकवला जाईल. लोएव हे पॅरिसला पॉल लेव्ही यांचे विद्यार्थी. पण तोच निष्कर्ष १९४३ मध्ये, कारहुनेन आणि लोएव या दोघांच्याही आधी, दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्रसिद्ध केला होता. जन्म गोव्यातला, नोकरी पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. फळ्यावर त्यांचं नाव क्वचितच येतं. हात वर करून सांगायला हरकत नाही.

चिन्हं, खुणा वेगळ्या असतात का?

थोड्या, आणि पहिल्या महिन्यात त्याच घोळ घालतात. उघडा अंतराल उलट्या चौकटी कंसांनी लिहितात: ]०, १[. दशांशासाठी बिंदूऐवजी स्वल्पविराम. नैसर्गिक संख्या शून्यापासून. फ्रेंचमध्ये एखादी राशी ‘पोझितीफ’ म्हटली की तिच्यात शून्यही धरलेलं असतं. शून्य नको असेल तर ‘स्त्रिक्तमां’ हे विशेषण वेगळं लावतात. हे ठाऊक नसेल तर सिद्धतेत शून्याने भागायची वेळ येते.

इंग्रजीतून शिकता येतं ना?

येतं, पण हे उत्तर अर्धंच आहे. एम-२ पातळीवर बरेच विषय इंग्रजीत असतात आणि काही मास्टर तर पूर्ण इंग्रजीत. अर्जासाठी आयईएल्टीएस किंवा टोफेल पुरतं. मात्र ग्रांद एकोलच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात फ्रेंच लागतं आणि साधारण बी-२ पातळी (भाषेच्या ए-१ ते सी-२ या युरोपीय मोजपट्टीवरची चौथी पायरी) अपेक्षित असते.

उरलेलं अर्धं असं. वर्ग इंग्रजीत असला तरी वर्गाबाहेर सगळं फ्रेंचमध्ये. घरमालक, बँक, विमा, प्रेफेक्त्यूरची (वास्तव्याचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाची) पत्रं, जेवणाच्या टेबलावरचे विनोद. आणि सर्वात टोचणारी गोष्ट: इंटर्नशिपच्या मुलाखती. पॅरिसच्या मोठ्या बँका आणि संशोधनशाळा इंग्रजीवर घेतात, पण विमा कंपन्या, रुग्णालयं, सल्लागार संस्था आणि सरकारी खाती फ्रेंच मागतात, आणि संख्याशास्त्राच्या नोकऱ्यांचा मोठा भाग तिथेच आहे.

पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला मार्क वाढतात म्हणून फ्रेंच घेतलेली पुष्कळ मुलं असतात. त्या फ्रेंचवर क्रियापदं चालवता येतात, टेलिफोनवर वीज कंपनीशी भांडता येत नाही. अलियाँस फ्रांसेझच्या पुणे किंवा मुंबई केंद्रात निघण्याआधी बी-१ तरी करा, आणि तिथे पोचल्यावर संस्थेचे भाषावर्ग चुकवू नका.

अर्ज कुठे आणि कधी करायचा?

भारतातून जाणाऱ्यांचा व्यवहार कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेच्या ‘एत्यूद आं फ्रांस’ या पोर्टलवरून होतो. काही मास्टरांना त्यातूनच अर्ज करायचा असतो, काहींना संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. प्रवेश कुठूनही मिळो, व्हिसाआधी कॅम्पस फ्रान्सची मुलाखत होतेच. तिला घाबरू नका. हाच अभ्यासक्रम का आणि पुढे काय, एवढं सरळ सांगता आलं की पुरे. फ्रेंच विद्यार्थ्यांसाठीचं ‘माँ मास्टर’ हे पोर्टल तुमच्यासाठी नाही. दरवर्षी कुणीतरी तिथे खातं उघडून बसतं.

वर्षाचा अंदाज असा: ऑक्टोबरपासून अर्ज, शिष्यवृत्त्यांच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत, निकाल वसंतात, व्हिसा जून ते ऑगस्ट, वर्ग सप्टेंबरमध्ये. आपली विद्यापीठं शेवटच्या सत्राचा निकाल उशिरा लावतात, म्हणून पदवी परीक्षा दिल्या दिल्या तात्पुरत्या प्रमाणपत्रामागे लागा.

हेतुपत्रात ‘लहानपणापासून मला आकड्यांची आवड’ हे वाक्य नको. कोणत्या प्राध्यापकाचं कोणतं काम वाचलं, आपल्या प्रकल्पात कुठे अडलात, काय शिकायचं आहे ते एका पानात लिहा. फ्रेंच लोकांना लांबण आवडत नाही, निदान अर्जात तरी.

खर्च किती येतो?

सरकारी विद्यापीठात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ पासून वेगळी फी आहे. तेव्हा मास्टरसाठी ती वर्षाला ३,७७० युरो ठरली आणि नंतर दरवर्षी थोडी वाढत गेली. अनेक विद्यापीठं यात पूर्ण किंवा अंशतः सूट देतात, तेव्हा प्रत्येकाला विचारा. ग्रांद एकोलची फी वेगळी आणि साधारणपणे जास्त. याशिवाय विद्यार्थी-जीवन शुल्क म्हणून शंभर युरोंच्या आसपास रक्कम सगळ्यांना भरावी लागते.

राहण्याचा खर्च खरा. व्हिसासाठी महिना ६१५ युरो, म्हणजे वर्षाला ७,३८० युरो दाखवावे लागतात असा नियम वर्षानुवर्षं चालत आलाय. रेन किंवा ग्रनोबलला काटकसरीने त्याच्या जवळपास भागतं. पॅरिसमध्ये नाही. तिथे हजार धरून चला, खासगी खोली असेल तर त्याहून वर. विद्यार्थी खानावळीतलं पूर्ण जेवण अनेक वर्षं ३.३० युरोंना मिळत असे, आणि शाकाहारी पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. रोज चवदार असेलच असं नाही.

घरभाड्याला सरकारी मदत मिळते असं तुम्ही ऐकलं असेल. मिळत आलीय. पण शिष्यवृत्ती नसलेल्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांची ही मदत बंद करण्याचा प्रस्ताव २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात होता. म्हणून अंदाजपत्रकात ती रक्कम शून्य धरा.

विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करण्याची मुभा आहे. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यात मोजत नाहीत. पहिल्या सत्रात मात्र काम धरू नका.

शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते, आणि गणितातल्या शिष्यवृत्त्यांची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना असते. सगळे फ्रेंच सरकारच्या आयफेल शिष्यवृत्तीच्या मागे धावतात. ती चांगलीच आहे, महिना साधारण १,२०० युरो, पण तिचा अर्ज विद्यार्थी करत नाही, संस्था करते. त्यामुळे संस्थेला नोव्हेंबरमध्येच कळवावं लागतं. मास्टरसाठी वयाची अट २५ वर्षांची. भारतातल्या फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती खास भारतीयांसाठी आहे.

त्यापलीकडे पाहा. पॅरिसच्या गणिती संस्थांची फाउंडेशन ‘पीजीएसएम’ नावाने मास्टरच्या विद्यार्थ्यांना पैसे देते. साक्लेकडच्या हादामार फाउंडेशनची ‘सोफी जेर्में’ शिष्यवृत्ती आहे. पॅरिस-साक्ले विद्यापीठ स्वतः वर्षाला १०,००० युरोंची आंतरराष्ट्रीय मास्टर शिष्यवृत्ती देतं. यांतल्या पहिल्या दोन्हींत तुमची स्पर्धा एमबीएवाल्यांशी नसते, गणितवाल्यांशी असते. ज्याने मेझर थिअरी मनापासून केली त्याला इथे फळ मिळतं.

कागदपत्रांत महाराष्ट्रातल्या मुलांना काय अडचण येते?

दोन गोष्टी. पहिली नावाची. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. फ्रेंच कार्यालय वडिलांचं नाव तुमचं दुसरं नाव समजतं. समजू द्या. दुरुस्त करायला जाऊ नका, फक्त बँक, विमा, विद्यापीठ आणि पोलीस खातं सगळीकडे पासपोर्टबरहुकूम तेच, त्याच क्रमाने लिहा. एका ठिकाणी गाळलं की पुढचे सहा महिने पत्रव्यवहार.

दुसरी जन्मदाखल्याची. आरोग्य विम्याची नोंदणी मोफत असते, पण तिच्यासाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो, फ्रेंच भाषांतरासह. गावाकडच्या जुन्या दाखल्यांवर कधी बाळाचं नावच नसतं, कधी आईचं नाव माहेरचं असतं. ही दुरुस्ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत इथे असतानाच करून, अपोस्टिलही (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या. तिथून फोनवर ग्रामसेवकाला समजावणं अवघड जातं.

व्हिसा लागल्यावर आणखी एक काम उरतं. फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. विसरलात तर तुमचं वास्तव्यच बेकायदा ठरतं.

घर कसं मिळवायचं?

लवकर हालचाल करून. सरकारी विद्यार्थीगृहं स्वस्त, पण परदेशी विद्यार्थ्यांना संस्थेमार्फत ठराविकच खोल्या मिळतात. खासगी घरमालक जामीनदार मागतो आणि भारतातले वडील त्याला चालत नाहीत. यावर ‘विझाल’ ही मोफत सरकारमान्य हमी आहे. तीस वर्षांखालच्यांना ती सहज मिळते. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थीनगरीत १९६८ पासून ‘मेझों द लेंद’, म्हणजे भारत भवन आहे. तिथल्या स्थानकावरून आरईआर बी ही उपनगरी गाडी थेट मासी-पालेझो आणि ऑर्सेकडे जाते, त्यामुळे साक्लेला शिकणाऱ्यांना ते सोयीचं. पठारावर चढायला पुढे बस. घर न पाहता कुणाच्याही खात्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. खोल्यांच्या नावाने फसवणूक करणारे बरेच आहेत आणि त्यांचं इंग्रजी उत्तम असतं.

परीक्षा आणि गुण?

वीसपैकी गुण. दहाला पास, बारा बरे, चौदा चांगले, सोळा म्हणजे उत्कृष्ट. अठरा-वीसची अपेक्षा ठेवू नका. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा, कारण १३ हा आकडा ऐकून ते टक्केवारी काढतात आणि ६५ वर हळहळतात. एका विषयातली कमतरता दुसऱ्यात भरून निघण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, फेरपरीक्षाही असते.

मोठ्या सभागृहातलं व्याख्यान आणि छोट्या गटातला उदाहरणांचा ‘तेदे’ असे दोन भाग असतात. व्याख्यानात फारसं कुणी बोलत नाही. तेदेत फळ्यापुढे बोलावतात, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर स्पष्ट सांगतात. त्यात राग नसतो.

वर्गमित्र पाहून मात्र आश्चर्य वाटेल. भारतीय एखाददुसरा, पण मोरोक्को, ट्युनिशिया, सेनेगल, आयव्हरी कोस्ट इथली मुलं भरपूर. राबात, डाकार, आबिजान इथे संख्याशास्त्राच्या नावाजलेल्या शाळा आहेत आणि तिथून येणाऱ्यांचं गणित दणकट असतं. अभ्यासगट त्यांच्याबरोबर करा, भाषाही सुधारते.

तिथली सरकारी आकडेवारी आपल्यापेक्षा वेगळी आहे का?

फार, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात खरी मजा आहे. आपल्याकडे दर दहा वर्षांनी एकदम जनगणना करायची पद्धत. २०११ नंतरची तर २०२१ ला झालीच नाही. फ्रान्सने २००४ पासून फिरती जनगणना सुरू केली. दहा हजारांहून कमी वस्तीची गावं पाच गटांत वाटून दरवर्षी एका गटाची पूर्ण मोजणी होते. मोठ्या शहरांत दरवर्षी ८ टक्के घरांचा नमुना घेतात. पाच वर्षांची सरासरी काढून लोकसंख्या जाहीर होते. नमुनाशास्त्राचं एवढं मोठं जिवंत उदाहरण दुसरीकडे क्वचितच दिसेल.

दुसरा धक्का असा की फ्रेंच जनगणनेत धर्म किंवा वंश विचारतच नाहीत. १९७८ चा विदा-संरक्षण कायदा अशा नोंदींना सहसा मनाई करतो आणि २००७ मध्ये, कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या घटना परिषदेने ही भूमिका आणखी घट्ट केली. जातीनिहाय तक्त्यांवर वाढलेल्या आपल्या नजरेला हे चमत्कारिक वाटतं. भेदभाव मोजायचा कसा, मग? जन्मदेश, आईवडिलांचा जन्मदेश, राहण्याची वस्ती असे आडवळणाचे मार्ग घेऊन. प्रबंधाला विषय हवा असेल तर इथे पुष्कळ आहेत.

गोपनीय सूक्ष्म विदा हवा असेल तर ‘काज्द’ या सुरक्षित केंद्रातून मिळतो. बोटांचा ठसा घेऊन चालू होणारं खास यंत्र असतं आणि त्यातून मूळ विदा बाहेर काढता येत नाही. सॉफ्टवेअर म्हणाल तर पूर्वी सॅसचं राज्य होतं, आता आर आणि पायथन.

इंटर्नशिप सक्तीची असते का? पैसे मिळतात?

बहुतेक मास्टरांत एप्रिल ते सप्टेंबर चार ते सहा महिन्यांचं ‘स्ताज’ असतं. दोन महिन्यांपेक्षा लांब असेल तर मोबदला द्यावाच लागतो असा कायदा आहे. किमान रक्कम महिना ६०० युरोंच्या आसपास, बँका आणि तंत्रज्ञान कंपन्या याहून बऱ्याच जास्त देतात. शोध ऑक्टोबरमध्येच सुरू करायचा, म्हणजे तुम्हाला अजून मेट्रोचे मार्गही पाठ झालेले नसताना. पहिली नोकरी पुष्कळदा याच स्ताजमधून निघते.

शिक्षण संपल्यावर राहता येतं का?

भारत आणि फ्रान्समध्ये २०१८ साली झालेल्या करारामुळे मास्टर झालेल्या भारतीयांना नोकरी शोधण्यासाठी बारा महिन्यांचा परवाना मिळतो आणि तो एकदा वाढवून घेता येतो. एकूण दोन वर्षं. या काळात पदवीशी जुळणारी आणि किमान वेतनाच्या दीडपट पगाराची नोकरी मिळाली तर पुढचा परवाना तुलनेने सुरळीत होतो. भारतात परतलात तरी, फ्रान्समध्ये किमान एक सत्र शिकून मास्टर झालेल्यांना पाच वर्षांचा अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा देण्याची सवलत २०२३ मध्ये जाहीर झाली आहे.

पीएच.डी. करायची असेल तर?

मग फ्रान्स आणखीच चांगलं. पीएच.डी. हा तीन वर्षांचा नोकरीचा करार असतो, पगार आणि रजेसह. २०२५ मध्ये सरकारी कराराचा किमान पगार महिना २,२०० युरो होता, कर आणि कपातीआधीचा. कंपनीबरोबर करायची तर १९८१ पासून चालू असलेली ‘सिफ्र’ योजना आहे. मात्र मार्गदर्शक एम-२ च्या वर्षीच शोधावा लागतो, आणि तो तुमचे गुण व स्ताजचं काम पाहतो.

एजंट म्हणतो, खासगी संस्थेत ‘एमएससी डेटा अ‍ॅनालिटिक्स’ला लगेच प्रवेश मिळेल. घेऊ का?

आधी एक प्रश्न विचारा: ही पदवी राज्यमान्य राष्ट्रीय मास्टर आहे का, किंवा तिला ‘ग्राद द मास्टर’, म्हणजे सरकारने दिलेला मास्टरचा दर्जा, आहे का? फ्रान्समध्ये ‘एमएससी’ हे नाव कुणीही वापरू शकतं. १५,००० ते २५,००० युरो घेऊन वर्षभर सॉफ्टवेअर शिकवणारे अभ्यासक्रम आहेत, आणि प्रवेशामागे एजंटला दलाली मिळते. सरकारी विद्यापीठाकडून त्याला काही मिळत नाही, म्हणून ते त्याच्या यादीत नसतं. वर सांगितलेला दोन वर्षांचा परवानाही पदवीच्या मान्यतेवर अवलंबून आहे. कॅम्पस फ्रान्सचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे. तिथे जाऊन विचारा.

पोहे, तूरडाळ, गणपती?

गार द्यू नोर आणि ला शापेल या स्थानकांच्या आसपास श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं आहेत. तिथे डाळी, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं. याच भागातल्या माणिक विनायक मंदिराची रथयात्रा दरवर्षी गणेश चतुर्थीच्या सुमाराला निघते, रस्त्यावर नारळ फुटतात. ढोल-ताशा नसतो. रेन किंवा ग्रनोबलला असाल तर पॅरिसच्या फेरीत एकदाच पिशवी भरून घ्या.